ओली वादी

लढाईच्या दिवसांत, चुडाव्याच्या ठेसनावर गोजरबाई गाडीची वाट बघत बसली होती. नुकताच उतरलेला एक पाहुणा बाळंतपणाला माहेरी आलेल्या बायकोची खबर शेजारी उभ्या मेव्हण्याला विचारत होता.

"मुंजाजी, सुमन कशी हाय? बाळंत झाली का?"

"दाजी, मालकाच्या जुन्या मोटारीच्या दिव्यांच्या दांड्या मोडल्या व्हत्या. लढाईपायी नव्या मिळंनात."

"मी सुमनचं इचारायलोय."

"तेच सांगायलोय. मी घरीच त्या दांड्यांना कच्च्या कातड्याची ओली वादी आवळली, जुवाला आवळतो तशी. वाळून लोखंडावानी बसली. उन्हाळाभर हालली न्हाई."

"बरं, मग?"

"परवा रातीला सुमनला कळा लागल्या. मालकानं मोटार काढली. परभनीच्या वाटंला पाऊस आला, वादी भिजून सैल पडली. दिव्यांनी माना टाकल्या, चाकापुढची माती तेवढी दिसायची."

"मग काय केलं?"

"मी कंदील घेऊन पुढं पायी, मागून मोटार. लय हळू, दाजी."

गोजरबाईनं तोंडाला पदर लावला.

"पर दवाखान्यात पोचलात ना?"

"सुमन वाटंतच गेली. सकाळी ऊन पडलं, वादी वाळली, अन् दिवे आपसूक ताठ उभे ऱ्हायले."