माळावरचा सहावा दगड

गुरु : मावशी, मानवजातीचं भविष्य आता आकाशातल्या दगडांत आहे.

चिमाबाई : आसंल की, इंजनेर सायेब. आमच्या माळावरचा दगुड कुटं हाय, त्ये सांगा.

गुरु : आधी नीट ऐका. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे दगड. आत निकेल, प्लॅटिनम. एकेकाची किंमत मांडली तर आपल्या देशाची शंभर वर्षांची कमाई कमी पडेल. तो फोडायचं यंत्र कुठं बनतंय? आपल्या चिंचोळीत, या शेडमध्ये. चाचणीला कठीण दगड हवा होता, म्हणून तुमच्या गावाकडं टेम्पो पाठवला.

चिमाबाई : तवा मी मेंढरांमागं हुते. नातीनं टेम्पोवाल्याला इचारलं, तर म्हनला, पडीक दगडं हायती, कुनाची न्हायती. पडीक दगडं सा-सा एका वळीत उबी ऱ्हात्यात व्हय?

गुरु : त्याला वाटलं, हद्दीचे असतील.

चिमाबाई : मग हद्दीचं उचलायचं आसत्यात?

गुरु : पाच तिथंच आहेत ना. एकच आणलाय.

चिमाबाई : पाच सासरा-आजसासऱ्यांचं. सहावा माझ्या मालकाचा, ज्ञानबाचा. आमच्यात मानूस गेलं की त्याच्या नावानं दगुड उबा करत्यात, जितं त्याची मेंढरं बसायची तितं. परवा त्येंचं वरीस हाय. पुतनं येनार, जावय येनार. निवद कुनाम्होरं ठिवू?

गुरु : दुसरा उभा करा. माळ दगडांनीच भरलाय.

चिमाबाई : तुमचं आभाळ बी भरलंय म्हनता. मग त्यातला येक कशाला पायजे?

गुरु : त्याला किंमत आहे, मावशी.

चिमाबाई : कुनी घेतलाय का आजवर?

गुरु : अजून नाही. आणायचा खर्चच परवडत नाही. आणि ढिगानं आणले, तर भाव पडेल.

चिमाबाई : म्हंजी तितंच हाय तवर किंमत. बरं. आमचा बी तितंच ऱ्हाऊ द्यायचा हुता की. द्या आता, रिक्षा थांबलीया.

गुरु : देतो. फक्त... त्याला अकरा भोकं पाडलीत. बाराव्याला दुभंगला. मग तुकड्यांवर पण चाचणी घेतली.

चिमाबाई : आवाज झाला आसंल.

गुरु : झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चिमाबाई : टाळ्या?

गुरु : यंत्र पास झालं म्हणून.

(वॉचमन दोन पोती आणून दारात ठेवतो.)

चिमाबाई : ह्यात दगडाची म्होरली बाजू कुटली, मागली कुटली?

गुरु : ते नाही सांगता येणार. बारीक चुरा या दुसऱ्यात आहे.

चिमाबाई : आसू द्या. पुतन्यांना सांगते, तुमच्या चुलत्यावर यंत्र तयार झालं, आता त्ये आभाळात जानार. तेवडंच. कवा जानार हाय वर?

गुरु : वर नाही, मावशी. पुण्याला. तीन दिवसांचं प्रदर्शन आहे.