पेटीवरचं ओलं फडकं

—थांबा! थांबा म्हनलं ना, कमलाकांतभाऊ — ते फडकं नका ठेवू अँप्लिफायरच्या पेटीवर, चालू हाये ना ते! पानी कुठून घेतलं, माझ्या माठातलं? वा रे वा. सरका इकडे. अन् मशीन किती तापली ते पाहाचं असन तं उलटा हात लावा — असा, मागची बाजू. झटका बसला तं हात मांगं येते. तळहात लावला तं मूठ आवळते, मंग सुटत नाई मानूस. तुमी ऑर्केस्ट्रावाले, जाड्या तारांची गिटार वाजवता, ढुम्म ढुम्म, सारा अकोला डोलते म्हनता — अन् अर्ध्या घंट्यात मशीन तापून बंद पडली का तिले ओली पट्टी देता! ताप आला काय तिले? मी दाराची फळी लावतो जराशी, अंधार होऊ द्या. आता पाहा, दुरून. व्हॉल्वच्या काचेत आतला पत्रा लाल झाला, दिसला? व्हॉल्व चांगला हाये. त्याच्या मांगचा हा शेंगदान्याएवढा कंडेन्सर गळून राहिला, म्हनून व्हॉल्व जळते. झालं, एवढंच. करतो बटन बंद. फळी काढतो, रस्ता दिसला पाह्यजे मले. आज रिद्धपूरच्या यात्रेले जानारे लोकं येतीन अकोल्याच्या गाडीनं.

हे फडक्याचं कोनं शिकवलं तुमाले? भोंगेवाल्या शेषरावनं? काय म्हने तो? — अमरावतीचा भगवंत मेकॅनिक असंच करते? माझं नाव सांगतलं? हं. करत होतो, बाप्पा. उन्हाळ्यात करत होतो, अन् चार लोकाईत मिरवत बी होतो. नऊ वर्षं झाली, सोडलं. माझी बायको त्याच्यातच गेली ना — वच्छला. अठ्ठावन साली, तिच्याच माहेरी, अकोल्याजवळ, तिच्या चुलत बहिनीचं लग्न. मी निंबावर भोंगा बांधून राहिलो होतो, मशीन खाली बाजेवर, अन् तिनं आपल्या मनानं ओलं फडकं ठेवलं. अडानी बाई. तिले काय समजते करंटमधलं? मी वरून सांगतलं तवा तिनं इचारलं बी, का लाईट चालू हाये ना — म्हंजे — सांगतलं म्हंजे काय —

पानी द्या ते.

पंगत बसली होती, भाऊ. रेकॉर्ड बंद झाली तं लोकं म्हनतीन, जावयाची मशीन बिघडली. म्हनून बटन बंद नाई केलं. अन् पत्रा लाल झालेला मले तीन दिवस आधीच दिसला होता — हाच दोष, हाच कंडेन्सर. लग्न झालं का बदलू म्हनलं. ते फडकं हातात घेऊन उभी होती, वर पाहून राहिली होती माझ्याकडे. भेव वाटते म्हने. मी वरडलो, सगळ्याइच्या समोर — ठेव म्हनलं ना! ठेवलं तिनं. तळहातानं ठेवलं. उलट्या हाताचं मी साऱ्या गावाले सांगतो, तिले नव्हतं सांगतलं. रेकॉर्ड चालूच होती, पुरी वाजली. पंगतीत कोनाले समजलं बी नाई. मी निंबावरून उतरलो कसा, ते मले आठवत नाई.

हवालदारानं इचारलं. तोंडातून निंगालं — मी झाडावर होतो, तिनं आपल्या मनानं ठेवलं. ज्याइनं ऐकलं होतं ते बी गप्प राह्यले, जावयाले कोन बोलते? अन् तिची माय, दुर्गाबाई, माझ्या पायावर पडली. पोरीच्या अडानीपनानं तुमची मशीन गेली म्हने, जावईबापू, माफ करा. मशीन! तवापासून दर चैत्रात, रिद्धपूरले जाताना, इथं उतरते. तुमी बसले ना, त्याच स्टूलवर बसते, हात जोडते. नऊ वर्षं. दरसाली म्हनतो, आज सांगीन. आज बी सांगीन म्हनून सकाळीच दाढी करून बसलो. तुमी अकोल्याचे हा, तुमीच जर तिले — नाई. नाई, तुमी काई नका बोलू, मीच —

आली. ते पाहा, पिशवी घेऊन, टांग्याच्या मांगं. उठा भाऊ, स्टूल द्या ते. फडकं द्या इकडे, द्या ना!

दंडवत, बाई. या, बसा. किती ऊन हाये… हे? गिऱ्हाईक हायेत, अकोल्याचेच. फडकं त्याइचं हाये… नाई, नाई, रडू नका. पाया काहून पडता, तुमी मोठ्या हा… हो. हो बाई. अडानी होती पोर, चूक झाली तिच्या हातून. जाऊ द्या. म्या कधी मनात धरलं काय?

कमलाकांतभाऊ, तुमी काहून उभे अजून? काय पाहून राहिले माझ्याकडे? मशीन ठेवून जा. जा म्हनलं ना!