भोंग्याचा दांडा

माझी धाकटी बहीण कौसल्या. तिची लेक वैजयंता परदेशातून बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला जुळं झालं, ते वर्ष तुम्हाला आठवत असेल, मंडळी. बारशाला निम्मा गाव जेवायला होता. हे शिरपतीअण्णा समोर बसलेत ना, यांनी जिलब्या किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही, पण आचाऱ्याच्या तोंडावर दिसत होतं! हसा, हसा. आत्ताच हसून घ्या. पुढे हसायला जागा फार नाही.

त्या बारशाच्या आदली जी दिवाळी, तिच्या पाठोपाठची ही कथा. पण आधी प्रश्न ऐका.

घर तुमचं. भिंती तुम्ही बांधल्या, कौलं तुम्ही चढवली, कुलूपही तुम्हीच बाजारातून आणलं. आणि किल्ली? किल्ली समुद्रापलीकडच्या माणसाच्या खिशात! तो 'हो' म्हणेल तेव्हा दार उघडणार, 'नाही' म्हणाला की तुम्ही ओट्यावर. आता सांगा, घर कुणाचं?

बोला की! मृदंग थांबलाय तुमच्यासाठी. बरं, मग कथेलाच विचारू.

युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. डोंगरच डोंगर. त्यातल्या एका खोऱ्याच्या तोंडाशी लहानसं शहर आणि तिथे एका म्हाताऱ्याची कंपनी. नाव लिओपोल्ड हासलिंगर. आता हे नाव दर वेळी घ्यायचं म्हणजे माझ्या उरल्यासुरल्या दातांची परीक्षा! आपण त्याला लिओबा म्हणू या. आमची वैजू या लिओबाच्या कंपनीत इंजिनीअर.

कंपनीचं काम काय? डोंगराची नाडी बघायची! डोंगरात खोल भोकं पाडून यंत्रं रोवलेली. आत पाणी किती मुरलं, कडा किती सरकला, सगळं ती यंत्रं सांगायची. आणि ते ऐकायला एआय. हो, तेच, तुमच्या पोरांच्या मोबाइलमधलं! पण हे फक्त डोंगराचं शिकलेलं. डोंगर खाली यायच्या आधी ते ओळखायचं. ओळखलं की माणसांना विचारायचं, 'भोंगा वाजवू?' कंपनीतल्या नाव नोंदलेल्या माणसाने 'वाजव' म्हटलं की खोऱ्याच्या मध्यावरच्या खांबावर भोंगा वाजायचा.

आणि खोऱ्याचा नियम होता, मंडळी. तो नीट ऐका, कथेतलं मरण तिथेच आहे. रस्ता एकच, एका गाडीपुरता. मागे एकदा कुणीतरी 'डोंगर आला' म्हणून ओरडलं, सगळे एकदम पळाले, गाड्या एकीत एक अडकल्या आणि डोंगर आलाच नाही. चेंगरून मात्र माणसं जखमी झाली. तेव्हापासून लिओबाच्या सांगण्यावरून सभेत ठरलं — भोंगा वाजला तर घर सोडायचं. नाही वाजला, तर कुणी कितीही सांगो, जागचं हलायचं नाही!

खोऱ्यातलं सगळ्यात वरचं घर लिओबाच्या बहिणीचं. आगाथा. आपल्या आगाताई. एकटी बाई, गोठाभर गायी, स्वतः चीज करायची. भावाबहिणीचं रोज भांडण आणि रोज फोन! 'लिओ, तुझं यंत्र काय म्हणतंय?' 'म्हणतंय, म्हातारीला शहरात आण.' 'यंत्राला म्हणावं, गायींचं शेण काढायला ये आधी!' — अशी ती दोघं.

आता यांची सगळी माहिती होती क्लाऊडमध्ये. मी पन्नाशीनंतर पाटी हातात धरलेला माणूस, मला क्लाऊड म्हणजे ढग एवढंच कळलं. मी म्हटलं, 'वैजू, ढगात माहिती ठेवता? मग पाऊस पडला की काय करता?' ती म्हणाली, 'मामा, ढग नाही हो. दुसऱ्याचं गोदाम. त्यात यंत्रं. आपला माल त्यांच्याकडे, आपण इथून बघायचं.' आणि ते दुसरे कोण? समुद्रापलीकडच्या देशातली एक मोठी कंपनी.

झालं काय, त्या देशाचं आणि युरोपाचं वाकडं आलं. आज हा कर, उद्या ती बंदी. युरोपातले व्यापारी, बँका, दवाखाने, सगळे एकमेकांना विचारू लागले! उद्या त्यांच्या सरकारने सांगितलं की यांचं गोदाम बंद करा, तर? जो तो म्हणायला लागला, आपलं आपल्या घरी आणा. आपल्या देशात, आपल्या कायद्याखाली, आपल्या माणसांच्या हाताशी.

लिओबा सगळ्यांच्या पुढे! म्हणाला, 'माझी बहीण त्या कड्याखाली झोपते. तिचा भोंगा मी परक्याच्या ओसरीवर ठेवणार नाही.' जुन्या चीजच्या तळघरात, जिथे बारा महिने थंडावा, तिथे यंत्रं मांडली. डोंगराची सगळी माहिती घरी आणली. एआयसुद्धा घरी आणलं. केवढा सोहळा! पाद्री आला, त्याने पाणी शिंपडलं. बँड वाजला. आगाताईंनी चीजचं चाक आणलं, गाडीच्या चाकाएवढं!

आणि त्या गर्दीत आमच्या वैजूने विचारलं, 'सर, सगळं आलं. पण दाराचं काय?'

दार म्हणजे काय, मंडळी? सकाळी कामावर आलं की यंत्र विचारतं, तू कोण? तुम्ही नाव सांगायचं, पासवर्ड सांगायचा. मग ते बघतं, हा माणूस खरा का? हे बघणारा राखणदार अजून त्या समुद्रापलीकडच्या कंपनीचाच होता! घर इथे. माल इथे. आणि 'याला आत सोडू का' हे विचारायला निरोप जायचा सातासमुद्रापार!

लिओबा हसला. म्हणाला, 'पोरी, माझं वय बघ. तो जुना पासवर्ड माझ्या बोटांना पाठ झालाय. नवीन दार, नवीन किल्ली, मला नाही जमणार. एवढं एक राहू दे. उन्हाळ्यात बदलू.' बाकीचे लोकही म्हणाले, हो हो, राहू दे, रोज उठून नवीन काय शिकायचं!

एवढंच, मंडळी. डोंगराएवढं काम केलं आणि सवयीएवढं ठेवून दिलं.

उन्हाळा गेला. बदललं का? तुम्ही बदललं असतं का? खरं सांगा! माझा तुटका चष्मा दोन वर्षं दोऱ्याने बांधलाय, मी काय सांगू तुम्हाला!

कार्तिक आला. डोंगरावर लवकर बर्फ पडलं आणि त्या बर्फावर पाऊस लागला. गरम पाऊस. वैजू सांगते, तो पाऊस कुणालाच आवडला नाही. माणसं खिडकीत उभी राहून वर बघायची.

एका सकाळी वैजू कामावर आली. नाव घातलं, पासवर्ड घातला. पडद्यावर एक ओळ: 'आपलं खातं बंद करण्यात आलं आहे.'

तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. शेजारच्याने घातलं, तीच ओळ. लिओबा आला, ओव्हरकोट न काढता बोटांना पाठ असलेला पासवर्ड त्याने दाबला. तीच ओळ! कंपनीने कधीकाळी एका खाणीला चार यंत्रं विकली होती. ती खाण समुद्रापलीकडच्या सरकारच्या काळ्या यादीत गेली आणि तिच्याशी व्यवहार केला म्हणून यांचं नावही गेलं. कुणी विचारलं नाही, कुणी कळवलं नाही. राखणदाराला हुकूम आला, राखणदाराने दार लावलं.

फोन लावला. पलीकडे यंत्राचा गोड आवाज, 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा.' आणि मग संगीत! बाहेर तो पाऊस, आणि कानात संगीत!

आता बघा कशी दशा आहे. तळघरात यंत्रं चालू आहेत. पंखे फिरताहेत, दिवे लुकलुकताहेत. डोंगर त्यांना सगळं सांगतोय. आणि दाराबाहेर मालक उभा! पडद्याच्या काचेला हात लावून! लिओबा एकच वाक्य बोलत होता, 'त्याला माहीत आहे गं. आत त्याला माहीत आहे.' काय माहीत आहे? डोंगर येतोय की नाही येत? कोण सांगणार!

वैजूने आगाताईंना फोन लावला.

'ताई, घर सोडा. खाली या.'

'भोंगा वाजला का?'

'नाही. पण...'

'मग डोंगर यायचाय का?'

'आम्हाला कळत नाही हो. आम्हाला काही दिसतच नाही!'

'तुम्हाला दिसत नाही म्हणून मी गोठा सोडू? एक गाय आज विणार आहे. बाई गं, नियम कुणी केला? माझ्याच भावाने! भोंगा वाजल्याशिवाय हलायचं नाही. उद्या मीच पळाले तर लोक त्याला काय म्हणतील?'

ऐकलंत? भावाची लाज राखायला बसली होती ती!

लिओबाच्या ऑफिसात काचेच्या पेटीत एक लोखंडी दांडा टांगलेला होता. पूर्वीचा भोंगा हाताने फिरवायचे, त्याचा दांडा. नवा भोंगा बसवला तेव्हा आठवण म्हणून काढून ठेवलेला. म्हाताऱ्याने कोपराने काच फोडली. दांडा घेतला आणि गाडी काढली. वैजू म्हणाली, मी येते. तो ओरडला, 'तुझ्या पोटात लेकरू आहे! तू फोन सोडू नकोस. तिच्याशी बोलत राहा!'

खांबापाशी पोचला. पावसात शिडी चढला. दांडा लावायला गेला, आणि नव्या भोंग्याला दांड्याची जागाच नव्हती! पत्र्याने गुळगुळीत बंद. हाताने कशाला कोण वाजवणार, म्हणून ठेवलीच नव्हती. रक्ताळलेल्या हाताने तो दांडा त्या पत्र्यावर मारत राहिला. टण्, टण्, टण्. पावसात ते कुणाला ऐकू जाणार?

मग खाली उतरला, गाडीत बसला आणि हॉर्नवर हात ठेवला. काढलाच नाही.

खालच्या घरांतले लोक बाहेर आले. नियम आठवला त्यांना. पण लिओबाचं तोंड बघितलं आणि एकेक करून निघाले, ओळीने, चेंगराचेंगरी न करता. सगळे वाचले. एक घर सोडून सगळी घरं रिकामी झाली.

वर आगाताई फोनवर होत्या. म्हणाल्या, 'कोण वेडा हॉर्न वाजवतोय गं?'

'तुमचा भाऊ, ताई.'

वैजू सांगते, मामा, त्या हळू आवाजात म्हणाल्या, 'लिओ? तो हॉर्न कधी वाजवत नाही. त्याला ते असभ्य वाटतं.' आणि मग, 'थांब, मी गायी सोडते.'

'गायी राहू द्या! ताई, निघा!'

'बांधलेलं जनावर टाकून जाऊ होय गं? आलेच.'

फोन बाकावर ठेवला. वैजूला ऐकू येत होतं. साखळी पडल्याचा आवाज. गायीच्या गळ्यातली घंटा, लांब जाणारी. पुन्हा साखळी. पुन्हा घंटा. म्हातारी एकेकीला नावाने हाका मारत होती. आणि मग...

मी वैजूला विचारलं, 'मोठा आवाज झाला असेल?' ती म्हणाली, 'नाही मामा. आवाज आला नाही. होते ते सगळे आवाज गेले.'

...

विठ्ठल, विठ्ठल.

काही आठवड्यांनी समुद्रापलीकडून पत्र आलं. चौकशी पूर्ण झाली, आपण निर्दोष आहात, खातं पुन्हा सुरू करत आहोत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. गैरसोय! लिओबाने दार उघडून आत बघितलं. यंत्राने त्या पहाटेच लिहून ठेवलं होतं, वरची घरं रिकामी करा, भोंगा वाजवू? पुन्हा लिहिलं होतं. पुन्हा लिहिलं होतं. 'वाजव' म्हणणारा माणूस आत यायची ते वाट बघत होतं.

आता मी विचारलेला प्रश्न काढा बाहेर. घर कुणाचं?

आपण देव घरी आणतो, मंडळी. देव्हारा करतो, समई लावतो, पाद्री नसला तरी भटजी बोलावतो. आणि मनाच्या दारावर राखणदार कोण ठेवतो? जुनी सवय! ती म्हणेल तेव्हा नाम घ्यायचं, ती म्हणेल तेव्हा खरं बोलायचं. सगळं आवरलं, एवढं एक उन्हाळ्यात बदलू! बाबांनो, डोंगर उन्हाळ्याची वाट बघत नाही.

आणि नुसत्या मनाचं बोलून मी तुम्हाला सुटू देणार नाही. आपल्या गावावरच्या तलावाचं दार गेल्या वर्षीपासून मोबाइलवर उघडतं. सरपंच, हात वर करा. छान सोय झाली. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आता मला सांगा, ते दार उघडू का म्हणून विचारायला निरोप कुठे जातो? कोणत्या गावाला? कोणत्या देशाला? माहीत नाही. बरं, हाताने फिरवायचं ते लोखंडी चाक होतं, ते कुठे आहे?

काय? मोठ्याने बोला, मागे ऐकू जाऊ दे.

भंगारात दिलं.

...ऐकलंत सगळ्यांनी. मी आणखी काही बोलत नाही. आरती झाली की प्रसाद घ्या, आणि घरी जाताना एकदा वर तलावाकडे बघा.

आगाथा हासलिंगर त्या वर्षी कार्तिक वद्य षष्ठीला, सकाळी, आपल्या गोठ्यात गेल्या. त्यांचा भाऊ लिओपोल्ड त्यानंतरच्या चैत्रात गेला.