बिस्किट उडी मारलं की पाठ फिरवायची!

...म्हणे, चूक कुत्र्याची न्हाई! मग कुणाची? सांगा की! कुत्रं दिसंल त्याच्या अंगावर उडी मारतंय, धुतल्या सदऱ्यावर चिखलाचे पंजे उमटवतंय, पाहुण्याच्या हातातला चहा पाहुण्याच्याच मांडीवर सांडतंय, आणि वरून आमच्या वीरभद्र अप्पांनाच ऐकवायचं, चूक कुत्र्याची न्हाई! अहो, तुम्हाला सांगतो, ह्या माणसानं सगळी नोकरी उदगीरच्या शाळेत कवायत शिकवण्यात घालवली. अप्पांची शिट्टी वाजली की मैदान गपगार! शाळेतली सगळ्यात वांड पोरं सुद्धा अप्पा दिसले की सदऱ्याची गुंडी लावायची. आणि त्याच अप्पांना आता एक कुत्रं खाली बसंना! माणसाला राग येईल का न्हाई?

कुत्रं बी त्यांचं न्हाई हो. लेकीचं. वर्षाराणी पुण्याला नोकरीला गेली, तिथल्या घरमालकानं कुत्र्याला नाही म्हणलं, की बाईसाहेब आल्या गाडी करून आणि कुत्रं अप्पांच्या अंगणात सोडून गेल्या. "अप्पा, दुसरं घर मिळेपर्यंत सांभाळा, लई गुणाचं हाय." नाव काय तर बिस्किट! आता हे काय नाव झालं? गल्लीत कुणी पाहुण्याला "बिस्किट घ्या" म्हणलं, की हे निघालं! शेजारच्या रईसाआपा दारातून ओरडायच्या, "वीरभद्र भाई, हमने खाने का बिस्किट बोला था, तुम्हारा नहीं!" आणि अप्पा चप्पल न घालता रस्त्यावर.

तरी चाललं होतं. सकाळी अप्पा पेपर वाचायले की ते पायावर हनुवटी टेकून पडायचं, आणि अप्पा पाय अवघडला तरी हलवायचे न्हाईत. पण अव्वा पडल्या. अव्वा म्हणजे अप्पांच्या आई, केवळाबाई. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, लातूरला नेऊन ऑपरेशन केलं. तिथल्या डॉक्टरनं अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "ह्या वयात परत पडल्या, तर मग माझ्या हातात काही नाही." झालं! घरी अव्वा येणार वॉकर घेऊन, एकेक पाऊल टाकत, आणि दारात उभं कोण? उडी मारायला टपलेलं बिस्किट!

महानंदाकाकूंनी, म्हणजे अप्पांच्या मंडळींनी, सरळ सांगून टाकलं. "अव्वा यायच्या आत ह्याच्या उड्या बंद झाल्या तर ठीक. न्हाई तर मी त्याला देवणीला माझ्या भावाच्या, संगप्पाच्या शेतावर सोडून येते." तिकडं फोनवर वर्षाराणीचं रडणं. "अप्पा, तिथं ते साखळीला मरंल हो!" एका कानात लेक, एका कानात बायको, आणि डोळ्यापुढं आई. अप्पा करणार काय?

आधी शिट्टी काढली. ट्रंकेतून, ती जुनी. फुंकली, तर कुत्र्यानं मान वर करून असा सूर लावला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री सामील! मग आला हा संगप्पा, काकूंचा भाऊ. ह्या माणसाला कशातलं कळत न्हाई ते विचारा! "दाजी, सोपं हाय. उडी मारायला आलं की छातीत गुडघा द्यायचा. आमच्याकडं असंच करतेत." अप्पांनी उचलला गुडघा. कुत्रं झालं बाजूला, आणि अप्पा एका पायावर गरकन फिरून ओसरीत आडवे! वर ते कुत्रं तोंड चाटायला हजर. आणि संगप्पा काय म्हणतो? "दाजी, तुमचा तोल गेला." अरे, तुझी जीभ जाऊ दे की कुठं तरी!

शेवटी गेले डॉक्टर नाझनीनबाईंकडं. जनावरांच्या डॉक्टर, बोलायला तिखट. अप्पांनी तक्रारींचा पाढा वाचला, तर बाईंनी कुत्र्याच्या कानामागं खाजवलं आणि म्हणल्या, "मास्तर, चूक कुत्र्याची नाही."

"मग कुणाची?"

"ते उडी मारतं तेव्हा तुम्ही काय करता?"

"वरडतो! ढकलतो!"

"म्हणजे बघता, बोलता, हात लावता. त्याला तेच तर पाहिजे! ढकललं की त्याला खेळ वाटतो, ओरडलं की वाटतं मालक पण भुंकायलेत. उडी मारलं की पाठ फिरवा. हाताची घडी. बघायचं नाही, बोलायचं नाही. चारी पाय जमिनीला लागले, की त्याच क्षणाला खोबऱ्याचा तुकडा आणि शाबासकी. त्याच क्षणाला, नंतर नाही! आणि घरात सगळ्यांचा शब्द एकच पाहिजे."

आता शब्द एकच म्हणजे कसं? आपल्या उदगिरात? अप्पा म्हणणार "बस", काकू माहेरच्या सवयीनं कानडीत "कुंद्र", पुण्याची लेक फोनवरून "सिट बेबी सिट", आणि रईसाआपांनी वैतागून "बस! बस!" म्हणलं, तर त्यांचा अर्थ पुरे झालं, पण कुत्रं त्यांच्या दारातच बैठक मारायचं! उठंनाच! त्यावर बी डॉक्टरबाई काय म्हणल्या असतील? हाव, तेच! चूक कुत्र्याची न्हाई! शेवटी काकूंनी हट्ट धरला, अव्वांच्या तोंडी बी तोच शब्द, आणि कुंद्र ठरलं. कवायतीचे मास्तर अंगणात हाताची घडी घालून कुत्र्याला पाठ दाखवायलेत आणि मधेच वळून "कुंद्र" म्हणून खोबरं देयलेत. येणारे-जाणारे थांबून बघायलेत. माणसाची काही इज्जत?

पण खरा राग हा न्हाई. खरा राग पुढं हाय. कुत्रं शिकायलं हो! घरात उड्या मारायचं थांबलं. आणि मग यायचा पाण्याच्या जारवाला मोहसीन. फाटकातूनच छाती ठोकून, "आजा मेरे शेर!" कुत्रं सरळ त्याच्या खांद्यावर! अप्पा ओरडायचे, "मोहसीन, पाठ फिरव!" तो म्हणायचा, "रहने दो अप्पा, मेरे को अच्छा लगता." अरे, तुला आवडतंय म्हणून अप्पांच्या आईचं हाड मोडायचं का? त्याला पाहून मीटरवाला, मीटरवाल्याला पाहून अप्पांचा जुना विद्यार्थी, सगळे आपले "अलेले, बिस्कू!" आठवड्याची मेहनत एका "अलेले"त पाण्यात! तुम्हीच सांगा, ह्यात कुत्र्याची... न्हाई, न्हाई, चूक कुत्र्याची न्हाई, हे कबूल! म्हणून तर जास्त राग!

मग अप्पांमधला मास्तर जागा झाला. ट्रंकेतली शिट्टी परत गळ्यात. कुत्र्यासाठी न्हाई, माणसांसाठी! कुणी बी फाटकात आलं की, पीऽऽप! "पाठ फिरव! हाताची घडी! खाली बघायचं न्हाई!" मोहसीनला तर खांद्यावर जार घेऊन उभं केलं, कुत्र्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत! तो कुरकुरला, पण केलं. रईसाआपांनी केलं. काकूंनी पोळी लाटता लाटता केलं. गल्लीला अशी सवय लागली की कुत्रं नुसतं अंगणात आलं तरी माणसं आपोआप गर्रकन वळायची.

आणि अव्वांचा दिवस आला. सगळी तयारी. आरतीचं ताट, हार, कुत्र्याचा पट्टा काकूंच्या हाताला गुंडाळलेला. जीप फाटकाशी लागली, अव्वा वॉकर टेकत दारापर्यंत आल्या आणि ह्या संगप्पाला काय सुचावं? जोरात बोंबलला, "अव्वा आलीऽऽ!" कुत्रं दचकलं, पट्ट्याला हिसका, आणि सुटलं की हो! सरळ दाराकडं!

आणि तुम्हाला सांगतो, काय झालं असंल? सगळे वळले! सवय! अप्पा वळले, काकू ताटासकट वळल्या, रईसाआपा वळल्या, मोहसीन फाटकात वळला, संगप्पा सुद्धा वळला! हाताची घडी, नजरा वर. आणि दारात एकटी म्हातारी, वॉकर धरून, समोर कुत्रं!

अप्पांच्या ध्यानात आलं, पण उशिरा. वळावं, तर आपल्याला बघून ते उडी मारंल. न वळावं, तर आई! कान मागं लावून उभे. आता वॉकर आपटंल, मग आपटंल. आणि मागून आवाज आला, शांतपणे.

"कुंद्र."

मग अव्वाच म्हणल्या, "हे बसलं. तुम्ही का उभारलात रे?"

कुत्रं वॉकरपुढं नीट बसलेलं, शेपूट फरशीवर आपटत. चारी पाय जमिनीला! अप्पांच्या डोळ्यात पाणी आलं हो. जिंकले की! पण अव्वांचं तोंड तर उतरलेलं.

"दवाखान्यातून जिती आले, वीरभद्रा. आणि पोटच्या पोरानं पाठ फिरवली."

"अव्वा, तशी पद्धत हाय ती! डॉक्टरबाईंनी..."

"डॉक्टरनं सांगितलं, आईकडं बघू नको म्हणून?"

आणि समाचाराला येणाऱ्या एकेका माणसाला ती म्हातारी हेच सांगायली. "सगळ्यांनी तोंड फिरवलं गं. मुक्या जीवानं तेवढं बसून विचारलं." अप्पा मागून समजावायला जायचे, तर पाहुणे त्यांच्याकडंच असं बघायचे, जसं काही... जाऊ द्या. डॉक्टर नाझनीनबाईंना सांगितलं, तर त्या हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या, आणि म्हणल्या... मी न्हाई सांगत काय म्हणल्या, तुम्हाला ठाऊक हाय!

आता परवा वर्षाराणी आली. पुण्यात घर मिळालं, मालक बी कुत्र्याला हो म्हणला. पट्टा हातात घेतला, तर अव्वांनी बाजेवरूनच वॉकर आडवा घातला.

"हे कुठं जात न्हाई. रोज माझ्यापाशी बसतंय, मी बोलले की माझ्याकडं बघतंय. न्यायचंच असंल, तर तुझ्या बापाला ने."

वर्षाराणी हसली. काकू हसल्या. अप्पा हसले न्हाईत. हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि हळूच विचारलं, "पोरी, घर कितव्या मजल्यावर हाय?"