सातव्या खड्ड्यातलं वासरू

(कळमेश्वरजवळचं एक गाव, १९७४चा उन्हाळा. गावाबाहेरच्या टेकाडावर विद्यापीठाचं उत्खनन चालू आहे. खणलेल्या खड्ड्याच्या काठावर बापलेक.)

रविंद्र : हात सोडा, बाबा. दोन मिनटाचं काम हाये. मी एकटाच उतरतो, पाय धरतो अन् भाईर काढतो.

आनंदराव : नाई उतराचं.

रविंद्र : वासरू तं हाये एवढंसं.

आनंदराव : वासरू असो का उंदीर असो. मेलेलं जनावर मुद्दाम आनून टाकलं तुह्या पुढ्यात. तू उचललं का झालं गावाच्या मनासारखं.

रविंद्र : अन् नाई उचललं तं माह्यी मेहनत गेली! बाबा, कालच या सातव्या खड्ड्याच्या तळाशी चामड्याचा तुकडा गवसला. पाच-सहाशे वर्साचं चामडं, चिखलात जसंच्या तसं राह्यलेलं. ओल्या पोत्यानं झाकून ठेवलं व्हतं. बरोबर त्याच्यावरच टाकलं. आता ऊन तापलं का हे फुगन, फुटन, अन् सारा घान रस खाली उतरन. उद्या कलेक्टर पाहाले येऊन राहिले. त्याइले तुकडा दाखवला तं टेकाड वाचन. नाई तं सोमवारी कारखान्याच्या प्लॉटासाठी बुलडोझर फिरते.

आनंदराव : फिरू दे.

रविंद्र : बाबा!

आनंदराव : फिरू दे म्हनतो मी. महिनाभर गप राह्यलो. वस्तीतल्या बायकाइले तुह्याइथं रोजी भेटली, बरं वाटलं. पन तू ज्या दिवशी म्हनला ना, का हे चामडं कमवाचे खड्डे हायेत, त्या दिवशीच मले जेवन गेलं नाई. टपरीवर लोक काय म्हनतात, ठावं हाये? आनंदरावानं पोराले एम.ए. केलं, अन् पोरानं वापस येऊन बापाचा धंदा उकरून काढला.

रविंद्र : पन तुमी तं चामडं कमावलंच नाई कधी.

आनंदराव : आपन मेलेली ढोरं ओढत व्हतो, सोलत व्हतो. कमवनारे दुसरेच. पन गावाले त्याचं काय? गावाले वास आला का थे आपल्याकडे बोट दाखवते. मले एक सांग, तुह्या त्या हाडाइवर जात लिवलेली हाये का?

रविंद्र : नाई. चुना सापडला, बाभळीच्या सालीचा थर सापडला, हिरड्याच्या बिया सापडल्या, कातडं खरवडाची हाडाची हत्यारं सापडली. त्याच्यावरून काम समजते. करनारे कोन व्हते, थे मातीवरून नाई समजत.

आनंदराव : मंग गावाले एका रातीत कसं समजलं? पाहाटे वासरू आनून टाकलं थे काय उगाच?

रविंद्र : म्हनूनच तं म्हनतो, झाकून काय फायदा! मातीनं नाई, गावानं लावलं हे आपल्या माथी. बाबा, तुमी एकदा नीट पाहा ना. सात खड्डे, दोन रांगा, पानी वाहून जाले नाली, आतून चुन्याचा गिलावा. अडानी मानसाचं काम हाये का हे? कोनीतरी पिढ्यान् पिढ्या शिकलं असन, तवा हे जमलं. मले तं अभिमान वाटते.

आनंदराव : तुले वाटते, काहून का तू लांबून पाहून राहिला. मले जवळून ठावं हाये. तुले तुही बहीन आठवते, कुसुम?

रविंद्र : थोडी थोडी. तिले ताप आला व्हता.

आनंदराव : ताप आला व्हता, बरोबर. छप्पनच्या दसऱ्याले आपन नागपूरले दीक्षा घेतली, अन् वापस येऊन साऱ्याइनं सांगतलं का आता ढोरं ओढनं बंद. गावानं कामावर घेनं बंद केलं, दळन बंद केलं. त्याच हिवाळ्यात कुसुमले ताप भरला. तीन वर्साची पोर. बैलगाडी मागाले मी गावातल्या मोठ्या शेतवाल्याकडे, या भैयाजीच्या बापाकडे गेलो. त्याचा बैल मरून पडला व्हता गोठ्यात. थो म्हने, आधी बैल ओढ, मंग गाडी ने.

रविंद्र : मंग?

आनंदराव : नाई ओढला. पोरीले खांद्यावर टाकलं अन् कळमेश्वरचा रस्ता धरला. नाल्यापाशीच गेली थे.

रविंद्र : आईनं कधी सांगतलं नाई.

आनंदराव : तिनंच तं म्हनलं व्हतं मले, ओढू नका. मी वाकलो व्हतो रवी, दोर हातात घेतला व्हता. तिनं हिसकला. अन् आज तू मले म्हनतं, दोन मिनटाचं काम हाये.

रविंद्र : ...हे वासरूबी भैयाजीचंच हाये, बाबा. कपाळावरचा पांढरा ठिपका पाहा.

आनंदराव : पाह्यला. सकाळीच पाह्यला.

रविंद्र : जीप आली. आमचे विद्यापीठाचे सर आले.

मधुसूदन : रविंद्र, काम का थांबलंय? बायका सगळ्या झाडाखाली बसल्यात... अरे देवा! हे कोणी टाकलं?

रविंद्र : भैयाजींचं वासरू आहे, सर. पहाटे आणून टाकलंय. हे माझे वडील, आनंदराव.

मधुसूदन : नमस्कार. अरे, पण मग उचला ना आधी! खाली तुकडा आहे आपला. बायकांपैकी कुणालातरी सांग...

रविंद्र : नाही सांगणार, सर.

मधुसूदन : तसं नव्हतं म्हणायचं मला. बरं, असं करू. जीप परत पाठवतो, नागपूरहून सफाईचा एखादा माणूस घेऊन येईल.

आनंदराव : त्यानं काहून उचलाव, साहेब? त्यानं टाकलं का?

मधुसूदन : टाकलं नाही हो, पण त्याचं ते कामच असतं.

आनंदराव : आमचंबी कामच व्हतं.

मधुसूदन : ...चला तर मग. रविंद्र, तू पाय धर, मी पुढून धरतो. मला काही त्याचं वावडं नाही.

आनंदराव : तुमी उचलसान तं लोक तुमाले मोठं म्हनतीन. ज्यानं टाकलं थो घरी बसून हासन.

रविंद्र : सर, राहू द्या ते तसंच. मी त्याचे फोटो काढतो, नकाशात जागेवर दाखवतो. उद्या कलेक्टर साहेबांना जसं आहे तसं दाखवू.

मधुसूदन : आणि तुकडा? अरे, इतकी वर्षं मी माती उकरतोय, असं चामडं मला एकदाही मिळालेलं नाही. उद्यापर्यंत काय उरणार आहे त्याचं?

रविंद्र : काही उरणार नाही. मलाही पुन्हा मिळणार नाही, सर. तरी नाही.

मधुसूदन : ऊन चढायच्या आत सरपंचांकडे जाऊन येतो मी. उद्याच्या स्वागताचे हार त्यांनीच सांगितलेत ना? मग पाहुण्यांना काय दाखवायचं तेही त्यांनाच ठरवू दे.

* * *

आनंदराव : दिवस कलला, साहेब. सरपंचाचा काई निरोप?

मधुसूदन : सकाळी म्हणाले, कुणाचं वासरू ते आम्हाला ठाऊक नाही. मी म्हटलं, हरकत नाही, कलेक्टर साहेबच विचारतील तुम्हाला. तेव्हापासून शांत आहेत. रविंद्र, पोतं पाहिलंस का? त्या घाण रसानं पार माखलंय. तुकडा गेला असंच धरून चाल.

रविंद्र : हो, सर.

आनंदराव : बाकीचे खड्डे तं हायेत ना? चुना हाये, साल हाये, नाली हाये. उद्या थे दाखव.

रविंद्र : सकाळी तं बुलडोझर फिरू दे म्हनत व्हते तुमी.

आनंदराव : सकाळी म्हनलं व्हतं. आता काहून फिरू द्याव? अन् लिवशीन तवा हेबी लिव, करनारे कोन व्हते थे मातीवरून नाई समजत.

रविंद्र : लिवतो. बाबा, तिकडे पाहा. बांधावरून भैयाजी येऊन राहिला. हातात दोर हाये.

मधुसूदन : एकटाच आहे. सरपंचांनी पाठवलेलं दिसतंय.

आनंदराव : सरका बाजूले. उतराले जागा द्या त्याले.

मधुसूदन : भैयाजी, जरा जपून उतरा. चुन्याच्या कडेवर पाय देऊ नका... नाक दाबून उतरला हो.

रविंद्र : दोर मानेले बांधून राहिला. ओढलं का निसटते. वर पाहून राहिला आपल्याकडे. बाबा, त्याले जमून नाई राहिलं.

आनंदराव : जमन. आपल्यालेबी पयल्या खेपेले जमलं नव्हतं.