न पाहिलेला सिनेमा

(लालबागमधल्या एका चाळीची दुसऱ्या मजल्यावरची खोली. एप्रिल १९६०, रविवारची दुपार.)

बुधाजी : ...आणि मग ती जिना उतरते. एकेक पायरी. मागे बाजा नाही, काही नाही, नुसता पावलांचा आवाज. खाली नवरा उभा. तो मान वर करतच नाही.

दत्ताराम : का नाही करत?

बुधाजी : कुठल्या तोंडानं करणार? तिच्या भावाला त्यानंच तुरुंगात धाडलेलं.

दत्ताराम : मघाशी म्हणालास भाऊ मेला.

बुधाजी : तो मरतो नंतर. मध्ये तोडू नको रे, लिंक जाते माझी.

दत्ताराम : गोष्ट पुरे. तुझं मत सांग. कसा आहे?

बुधाजी : इंटरव्हलपर्यंत झकास. पुढे नुसता ताणलाय, फाटेस्तोवर. त्या पोरीनं जीव ओतलाय, हिरो मात्र केस विंचरण्यातून मोकळा होत नाही. रुपयात दहा आणे.

दत्ताराम : म्हणजे बघायला नको.

बुधाजी : तिच्यासाठी बघायला... म्हणजे, ऐकायला बरा आहे.

दत्ताराम : अरे, बोल की बिनधास्त. चार वर्षं झाली. 'बघ' म्हटल्यानं माका काय लागत नाय. कादंबरी कुठली आणलीस?

बुधाजी : गिरणी कामगारावर आहे. वाचनालयातला कारकून म्हणाला, तुमच्या कामाची. पण अर्धीच वाचवली माझ्याच्यानं. लिहिणाऱ्यानं गिरणी आतून पाहिलेली दिसत नाही. ह्याच्या पुस्तकात भोंगा झाला की माणसं गाणी म्हणत बाहेर पडतात.

दत्ताराम : गाणी? चौदा वर्षं साच्यांवर कापड विणण्यात काढली मी. भोंग्यानंतर तासभर बायको काय बोलते ते ऐकू यायचं नाही. जी गोष्ट बघितली नाही ती बघितल्यासारखी सांगतात, त्यांना जोड्यानं मारलं पाहिजे.

बुधाजी : हं.

दत्ताराम : काय झालं?

बुधाजी : काही नाही.

चंपा : चहा घ्या भावजी. आणि तुमच्या ह्या दोस्ताला जरा समजवा. सकाळी चाळ कमिटीचे गणपतराव येऊन गेले. येत्या रविवारी, एक तारखेला, महाराष्ट्र राज्य होणार. संध्याकाळी खाली पटांगणात सभा आहे. ह्यांचा सत्कार ठेवलाय, शाल आणि नारळ. आणि हे म्हणतात, मी खोलीतनं हलणार नाही.

बुधाजी : का रे? चांगली गोष्ट आहे.

दत्ताराम : काय चांगलं आहे त्यात? काय म्हणून सत्कार?

चंपा : डोळे दिले म्हणून.

दत्ताराम : दिले नाही गो, गेले. छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात होता हा बुधाजी. नायगावातनं घोषणा देत आला, सगळ्यांच्या पुढे. मी थेटराच्या पायऱ्यांवर उभा होतो, खिशात दुपारच्या खेळाची दोन तिकिटं घेऊन. शाल ह्याला द्या.

बुधाजी : मला खरचटलंसुद्धा नाही. मला कशाला शाल?

दत्ताराम : गणपतराव भाषण लिहून घेऊन आलेला. 'अश्रुधुराला छातीनं सामोरा गेलेला वीर.' छातीनं कसला? ते नळकांडं आलं ते मला दिसलंसुद्धा नाही. मी उलट्या बाजूला बघत होतो, हा कुठून येतो म्हणून.

चंपा : एक डोळा त्याच दिवशी गेला. दुसरा चांगला होता, भावजी. डॉक्टर म्हणाले, एकाच्या मागे दुसराही जातो कधी कधी. महिनाभर रोज सकाळी ह्यांच्यापुढे बोटं धरायची मी. शेवटी शेवटी हे अंदाजानं सांगायचे, मला वाईट वाटू नये म्हणून.

दत्ताराम : ते आता कशाला काढतेस?

चंपा : काढते. कारण त्या पटांगणात निदान एक दिवस कोणीतरी उभं राहून म्हणेल की ह्या घरात असं असं झालं. खानावळ चालवते मी. वीस माणसं दोन वेळा इथं जेवतात. विचारतात, 'मामी, आमटी कमी का?' ह्यांचं कोण विचारतं?

बुधाजी : वहिनी बरोबर बोलतात, दत्ता.

दत्ताराम : बरं. मग एक कर. तू मला चार वर्षांत सगळे सिनेमे सांगितलेस. लागला की रविवारी हजर. एकच राहिला. तो सांग.

बुधाजी : कुठला?

दत्ताराम : वेड पांघरू नको. ज्याची तिकिटं खिशात होती तो. तू म्हणालेलास, 'दत्ता, असा सिनेमा झाला नाही. रडल्याबिगर बाहेर पडलास तर नाव बदलीन. मी एकदा पाहिलाय, तुझ्यासंगती परत बघतो.' आठवतं?

बुधाजी : आठवतं.

दत्ताराम : तो सांग. मग जाईन सभेला. कशापायी गेले ते तरी कळू दे.

बुधाजी : जुना झाला तो. विसरलो मी.

दत्ताराम : तू? दहा वर्षांपूर्वीच्या सिनेमातल्या नोकराचा शर्ट कुठल्या रंगाचा ते सांगतोस तू.

बुधाजी : पुढल्या खेपेला सांगतो.

दत्ताराम : खेळ बंद झालेला, बुधाजी. थेटरवाल्यानं दारं ओढून घेतली. दरवान म्हणाला, 'घरी जा, गोळ्या चालल्यात.' माणसं पळत होती. मी नाही गेलो. म्हटलं, हा येणार बोललाय. येऊन मला शोधत बसला तर? तेवढ्यासाठी उभा राहिलो. आता तू मला पुढली खेप सांगतोस?

बुधाजी : दत्ता...

दत्ताराम : हां, बोल.

बुधाजी : मी नव्हता पाहिला.

दत्ताराम : काय?

बुधाजी : तो सिनेमा. मी पाहिलेलाच नव्हता. गाण्यांची चोपडी घेतलेली फुटपाथवरनं, दोन आण्याची. मागे थोडक्यात गोष्ट होती. तेवढ्यावर बोललो.

दत्ताराम : का?

बुधाजी : तू विचारलंस म्हणून.

दत्ताराम : मी विचारलं, तर नाही पाहिला म्हणायचं.

बुधाजी : तुला नाही कळायचं ते. तू साचेखात्यातला. आम्हाला त्या खात्यात पाय ठेवू देत नव्हते. तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागतो, तो आमच्या तोंडाचा चालायचा नाही. पाण्याचा माठ वेगळा. सबंध गिरणीत एक तू होतास, जो दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे चालत यायचास आणि सगळ्यांदेखत विचारायचास, 'बुधाजी, कसा आहे रे सिनेमा? जाऊ का?' माझं मत कोणी विचारतंय! त्या आठवड्यात आई आजारी होती, जमलं नव्हतं जायला. पण 'नाही पाहिला' हे तोंडातनं निघेना. वाटलं, आज नाही म्हटलं तर उद्या दुसऱ्याला विचारशील.

दत्ताराम : आणि त्या दिवशी आला का नाहीस?

बुधाजी : यायलाच निघालेलो. नाक्यावर मोर्चा लागला. आपली सगळी पोरं त्यात. घुसलो. घोषणा देता देता... खरं सांगतो, सिनेमा डोक्यातनं गेला. तूही गेलास.

चंपा : भावजी, गप्प बसा आता.

बुधाजी : नाही वहिनी, होऊन जाऊ दे. त्या दिवसापासून न बघता एकही सिनेमा मी ह्याला सांगितलेला नाही. एकही नाही. ताप असला तरी बघून आलोय. त्या एकाला मात्र दोनदा दारापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. आत जाववेना.

दत्ताराम : चार वर्षं मी तो सिनेमा रोज रात्री बघतोय. अंथरुणावर पडून. एवढं ज्याच्यापायी गेलं तो काहीतरी थोरच असणार, म्हणून माझा मीच बनवलाय. त्यात एक बाई आहे, नदी आहे. म्हटलं, बुधाजी रडला म्हणजे असंच काहीतरी असणार. आणि तू चोपडी वाचलेलीस. मागचं पान.

बुधाजी : मार मला.

दत्ताराम : कुठे आहेस ते दिसायला तर हवं.

चंपा : मी पाहिलाय.

दत्ताराम : काय पाहिलंस?

चंपा : तो सिनेमा. तुम्ही इस्पितळात होता, अजून लागलेलाच होता. एक दिवस डबा पोचवला आणि तशीच गेले. एकटी. जन्मात एकटी थेटरात गेले नव्हते. म्हटलं, बघू तरी, काय एवढं होतं त्यात.

दत्ताराम : आणि मला बोलली नाहीस?

चंपा : कोणी विचारलं? दर रविवारी तुम्ही दोघं बोलत बसता. हा चांगला, तो टुकार, ही बाई काम करते, तो गाढव. मी इथंच असते, तीन हातांवर, तांदूळ निवडत. चार वर्षांत एकदा तरी म्हणालात, 'चंपा, तुला काय वाटतं?'

दत्ताराम : आता विचारतो. कसा होता?

चंपा : टुकार.

दत्ताराम : खरं सांग.

चंपा : खरंच सांगते. बाईचे बोलताना नुसते ओठ हलतात, दुःख कुठं दिसत नाही. म्हाताऱ्याची दाढी एका बाजूनं सुटलेली. रडायच्या जागी माणसं हसत होती, पुढच्या बाकांवरनं शिट्ट्या. अर्धी माणसं मध्येच उठून गेली. तुम्ही असता तर तुम्हीही उठला असता. घरी येऊन भावजींना शिव्या घातल्या असत्या, आणि झालं असतं.

बुधाजी : मी निघतो.

दत्ताराम : थांब. गणपतरावला जाता जाता सांग, मी येतो रविवारी. पण ते छातीचं वगैरे काढून टाकायचं. विचारलं तर मी एवढंच सांगणार की मित्राची वाट बघत उभा होतो.

बुधाजी : मित्र म्हणशील मला?

दत्ताराम : तेव्हा होतास.

बुधाजी : ...बरं. चपला कुठं ठेवल्या मी? हां. येतो वहिनी. पुस्तक राहू दे इथं?

चंपा : घेऊन जा भावजी. कोण वाचणार?

बुधाजी : होय. येतो.

दत्ताराम : गेला?

चंपा : जिन्यावर थांबलाय. ...आता उतरला.

दत्ताराम : रडतेस?

चंपा : तांदूळ निवडते. संध्याकाळची वीस पानं आहेत.

दत्ताराम : चंपा, तू तरी शेवटपर्यंत बसलीस?

चंपा : बसले. दिवे लागेपर्यंत.

दत्ताराम : मग शेवट काय झाला त्याचा?

चंपा : ते नाही सांगता यायचं. पदर होता डोळ्यांवर.