भिंती किती?

आपिया शहरातल्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात नवी किटली कवटाळून रांगेत उभी असलेली लुसिआ म्हातारी पुढच्या बहीणभावाचं बोलणं ऐकत होती.

“सिनिवाताई, कॉम्प्युटरवरचं टीव्हीवर दाखवायला वायरीचा मोठा डबा घेऊ या.”

“आणि वायर डुकरांनी चावली म्हणजे, एनेलिको? ही बिनवायरची बोटाएवढी काडी घे. टीव्हीच्या मागे खोचली की झालं.”

“अगं, आई आज दवाखान्यातून घरी येतेय. बाबांची सगळी गाणी मी कॉम्प्युटरवर भरून ठेवलीत. टीव्हीवर गाता गाता ते मध्येच थांबले तर? एकदा कायमचे थांबले तेवढं पुरे.”

“अहो दुकानदार, तुम्हीच सांगा याला.”

“कॉम्प्युटर आणि टीव्हीच्या मध्ये भिंती किती? जाड असतील तर वायरच बरी.”

“भिंती?”

“घराच्या भिंती, ताई.”

“आमचं घर म्हणजे नुसते खांब आणि वर छप्पर.”

“मग काडी पुरे. वारा अडत नाही तिथं हिला कोण अडवतंय?”

“बघ, मी काय म्हणत होते.”

“पण ताई, भिंतीच नाहीत म्हणजे सगळं गाव बघेल.”

“बघू दे की. आईनं बाबांचं गाणं कधी एकटीनं ऐकलंय?”

लुसिआनं किटली दुसऱ्या कुशीत घेतली.

“पोरांनो, कुठलं गाव तुमचं?”